पट्टा कुठं टेकतो

बाबांची पद्मिनी १९७८ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीचं इंजिन, बोनेटखाली डायनामो. बाबा होते तोवर तिचं सगळं तेच बघत. मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं गणित शिकवलं आणि गाडीत नुसता बसलो. बाबा गेल्यावर आईनं एकच सांगितलं, गाडी विकायची नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा भरून रस्त्यावरून उतरली. त्याच दिवाळीच्या आगेमागे आमचा डायनामो बसला. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, एका सकाळचं काम आहे. चार महिने लागले. एक पुली आणि एक पट्टा यांची जोडी जमवताना जे कळलं, ते बाबांच्याच वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवलं होतं. तेच इथे मांडतो आहे.

१. एखादी वस्तू जागेवर बसली म्हणजे ती तिथली झाली, असं होत नाही. जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून ३५ अँपियरचा एक वापरलेला अल्टरनेटर आणला. गॅरेजमधल्या पोराला मीच म्हणालो, "डायनामोची पुली काढून याच्यावर चढव, म्हणजे पट्टा तोच राहील." तो म्हणाला, "सर, बसंल. पण चार्जिंग कमी देईल." मी ते कानावर घेतलं नाही. लेथवर भोक थोडं वाढवलं आणि पुली शाफ्टवर अगदी मापात बसली. पट्टाही जुनाच लागला. मला तेव्हा फार समाधान वाटलं, कारण काहीच वाया गेलं नव्हतं. आठवड्याभरात गगनबावड्याहून रात्री परतत होतो. ऊसतोडीचे दिवस, कुडित्र्याच्या अलीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. पाऊण-एक तास कधी पहिल्या गिअरवर, कधी जागेवर उभं. हेडलाइट लावलेले, वायपर मधूनमधून धुकं पुसतोय. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा आधी मिणमिणला, मग ठळक झाला. हेडलाइट पिवळे पडत पडत उदबत्तीसारखे झाले आणि इंजिन बंद पडलं. दोन हेडलाइटचे सात-साडेसात अँपियर, इग्निशन कॉइलचे तीन-चार, मागचे दिवे, वायपर. हे सगळं एकटी बॅटरी ओढत होती, अल्टरनेटर नुसता फिरत होता. ट्रॉलीवरची माणसं उतरली आणि त्यांनी गाडी कडेला ढकलली. त्यातल्या एकानं मला ओळखलं, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. गॅरेजमधल्या पोराचं वाक्य मला तिथे, त्या अंधारात, नीट ऐकू आलं.

२. जुन्या माणसांनी मोठी पुली लावली होती, ती काही उगाच नव्हती. डायनामोत ज्यातून वीज निघते ती तारांची गुंडाळीच फिरत असते. शिवाय तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर घासणारे कार्बन. फार जोरात फिरवलं तर त्या तारा आणि पट्ट्या बाहेर फेकल्या जातात. म्हणून त्याला मोठी पुली द्यायची आणि आवरून ठेवायचं. अल्टरनेटरमध्ये उलट आहे. वीज निघते ती स्थिर असलेल्या बाहेरच्या गुंडाळीतून, आत फिरतो तो चुंबकाचा घट्ट बांधलेला गोळा. तो मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या सहज सोसतो. मात्र हजार-दीड हजार फेऱ्यांच्या खाली तो फारसं काही देत नाही. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि आटोपशीर झाले तेव्हा कुठे अल्टरनेटर मोटारीत आला. क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो कारखान्यातूनच बसवून दिला. म्हणजे मी डायनामोला घातलेला लगाम काढून, ज्याला धावायचं आहे त्याच्या तोंडात घातला होता. माझ्या गाडीवर इंजिनच्या पुलीचा कामाचा व्यास १३० मिलिमीटर, डायनामोच्या पुलीचा ९०. भागाकार १.४४. इंजिन रिकामं ७५० फेऱ्यांवर गुरगुरत असताना अल्टरनेटर जेमतेम १,०८० फेऱ्या घेत होता. उसाच्या रांगेत दिवा का लागला, ते या एका ओळीत होतं. सातवीच्या मुलांना मी व्यस्त प्रमाणाची गणितं घालत आलो. मजूर आणि दिवस, नळ आणि टाकी. पुल्यांचं गणितही घातलं असेल. पण स्वतःच्या बोनेटखाली ते मांडायला मला रस्त्यात बंद पडावं लागलं.

३. काठाचं माप आणि कामाचं माप वेगळं असतं, हे त्यानंतर कळलं. लहान पुली शोधायला पुन्हा त्याच दुकानात गेलो आणि ६२ मिलिमीटरची एक पुली मिळाली. १३० भागिले ६२, जवळजवळ २.१. बसवली, पट्टा ताणला, पण रात्री दिवे लावून बघितलं तर अपेक्षेइतका फरक नाही. मग शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडे गेलो. साठीच्या पुढचे, डोळ्यांना जाड भिंग, हातात कायम सुती चिंधी. त्यांनी मीटर लावला नाही की वर्नियर काढला नाही. स्पार्क प्लग काढायला सांगितले, अल्टरनेटरच्या पुलीवर खडूची रेघ ओढली आणि म्हणाले, "हँडल घाला सर. धा फेऱ्या मारा. मी मोजतो." पद्मिनीला हँडल असतं याचा मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला. मी दहा फेऱ्या मारल्या. एकवीस यायला हव्या होत्या, साडेअठरा आल्या. मामांनी पट्ट्यावर बोट टेकवलं. ती पुली १० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्याची होती आणि माझा पट्टा १३ मिलिमीटरचा. रुंद पट्टा अरुंद खाचेत खाली उतरतच नव्हता, काठाच्या वर तरंगत होता. मी मोजलेले ६२ मिलिमीटर पुलीचे होते, पण पट्ट्याच्या दृष्टीनं ती ७० ची होती. शिवाय पकड होती ती फक्त पट्ट्याच्या खालच्या दोन कडांची. "सर, पुली मोजू नगा," मामा म्हणाले. "पट्टा कुटं टेकतोय ते बगा." हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं, आणि पुढच्या प्रत्येक चुकीनंतर तेच वाक्य पुन्हा उघडून वाचावं लागलं.

४. लहान पुली चांगली म्हणून आणखी लहान अधिक चांगली, ही हाव मला झाली होती. मामा नवी पुली कातून द्यायला तयार झाले तेव्हा मी म्हणालो, "पंचावन्नची करा. उभ्या गाडीतसुद्धा भरपूर चार्जिंग मिळेल." हिशेब माझ्या बाजूनं होता: १३० भागिले ५५ म्हणजे २.३६, रिकाम्या इंजिनावर पावणेअठराशे फेऱ्या. मामांनी नाही म्हटलं. त्यांनी जुना पट्टा हातात घेतला आणि माझ्यासमोर दोन बोटांभोवती घट्ट वाकवला. पाठीवरच्या बारीक भेगा उघडल्या. मिनिटाला शेकडो वेळा पट्टा त्या पुलीवर वाकणार आणि सरळ होणार. पुली जितकी लहान तितकं वाकणं तीव्र, रबर आतून तितकं तापणार. दुसरं म्हणजे लहान पुलीवर पट्टा टेकायला जागाच कमी, आणि तेवढ्या जागेवरून तोच भार ओढायचा. दिवे लागले, बॅटरी उतरलेली असली की अल्टरनेटर जड होतो, आणि मग पट्टा घसरून किंचाळतो. शेवटी ६६ वर आलो. कामाचा व्यास ६६, भागाकार १.९७. रिकाम्या इंजिनावर सुमारे १,४८० फेऱ्या, आणि इंजिन ४,५०० वर गेलं तरी अल्टरनेटर ८,९०० च्या आतच. दोन्ही टोकांना तो सुखात राहील.

पुली कातताना मामांनी खाचेचा कोन इंजिनच्या पुलीपेक्षा थोडा कमी धरला, ३४ अंश. मी विचारलं, पट्टा तर एकच आहे, मग कोन दोन कसे? त्यांनी तोच जुना पट्टा पुन्हा वाकवला आणि त्याची बाजू बघायला लावली. वाकताना पाठ ताणली जाते आणि अरुंद होते, पोट दबतं आणि फुगतं. त्यामुळे पट्ट्याच्या दोन बाजूंमधला कोन मिटतो, आणि लहान पुलीवर तो जास्त मिटतो. म्हणून लहान पुलीची खाच जरा उभी. पट्ट्यानं खाचेच्या तळाला कधी टेकू नये, त्यानं दोन भिंतींमध्ये पाचरीसारखं रुतावं, सगळी पकड तिथेच असते. खाचेचा तळ चकाकायला लागला तर समजायचं, पट्टा झिजून तळाशी गेला. मी आयुष्यभर फळ्यावर कोन काढले. वाकल्यावर बदलणारा कोन मी पहिल्यांदा पाहिला.

५. ज्या सूत्रावर माझा सर्वांत जास्त विश्वास होता, त्यानंच मला सर्वांत जास्त चुकवलं. पुली ९० वरून ६६ वर आली, व्यास २४ मिलिमीटरनं कमी झाला. जुना पट्टा घालून पाहिला तर अल्टरनेटरला ताणायची जी खाचेची पट्टी असते तिच्या टोकापर्यंत गेलो, तरी पट्टा जरासा सैलच. म्हणजे आखूड पट्टा हवा. किती आखूड? मी कागद घेतला. पट्टा पुलीला अर्ध्या वर्तुळात वळसा घालतो, अर्धं वर्तुळ म्हणजे पाय गुणिले व्यास भागिले दोन. २४ चा फरक, म्हणून ३८ मिलिमीटर. जुना पट्टा १,०२५ चा, नवा ९८७ चा हवा, जवळचा मिळाला ९८५ चा. दुकानदाराला मी आकडा ठासून सांगितला. घरी आणला तर अल्टरनेटर इंजिनला अगदी चिकटवूनही पट्टा शेवटच्या पुलीवर चढेना. त्या पट्ट्याचं पुढे मी काय केलं ते खालच्या मुद्द्यात येईलच. आधी चूक कुठे होती ते सांगतो.

अर्धं वर्तुळ हे दोन पुल्यांचं गणित आहे. दोन पुल्या जवळपास सारख्या असतील तर प्रत्येकीला पट्टा साधारण अर्धा वळसा घालतो. पण माझ्या गाडीत पुल्या तीन. खाली इंजिनची, वर पाण्याच्या पंपाची आणि पंख्याची, बाजूला अल्टरनेटरची. पट्टा त्रिकोणात फिरतो. मामांच्या सांगण्यावरून मी जुन्या पुलीवर पट्टा जिथे टेकायला लागतो आणि जिथे सुटतो तिथे खडूनं खुणा केल्या आणि मधल्या कमानीवर दोरा धरला. ९४ मिलिमीटर. त्या पुलीचा पूर्ण परीघ २८३. म्हणजे अर्धा नाही, फक्त तिसरा हिस्सा, १२० अंश. मग कागदावर बसलो तेव्हा दिसलं की पुली लहान केल्यावर पट्ट्याची लांबी किती कमी होते, ते फक्त ती किती कोनात पट्ट्याला धरून आहे यावर ठरतं. त्रिज्येतला फरक गुणिले तो कोन, रेडियनमध्ये. बाकीचे सरळ भाग जरा इकडचे तिकडे होतात, पण बेरजेत त्यांचं काही उरत नाही. १२० अंशांना, व्यासातल्या २४ च्या फरकावर येतात २५ मिलिमीटर. मला १,००० चा पट्टा हवा होता आणि मी ९८५ चा आणला होता. सूत्र खरंच होतं. ते ज्या आकृतीचं होतं ती आकृती माझ्यासमोर नव्हती, आणि मी आकृती न काढताच उत्तर काढलं होतं. मुलांच्या वहीत हे दिसलं की मी तांबड्या शाईनं "आकृती?" असं लिहून अर्धा गुण कापत असे. त्या रात्री मला त्या सगळ्या अर्ध्या गुणांची आठवण झाली.

६. जबरदस्तीनं चढवलेला पट्टा लगेच तुटत नाही, हीच त्यातली भीती. ९८५ चा तो पट्टा परत करायची मला लाज वाटली. टॉमी घातली, पुलीच्या काठावरून ओढला, इंजिन हँडलनं थोडं फिरवलं आणि पट्टा टुणकन खाचेत पडला. छान ताठ बसला. पंधरा दिवस सगळं उत्तम चाललं, उभ्या गाडीत दिवा लागेना. मग एका रविवारी आईला पन्हाळ्यावर नेत होतो. वाघबिळाच्या चढावर बोनेटखाली चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला आणि तांबडा दिवा लागला. मी मनात म्हटलं, चार्जिंग गेलं, बॅटरीवर जाऊ की वर. आणि तशीच गाडी पुढे नेली. पद्मिनीत त्याच एका पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, त्यावरच पंखा फिरतो, हे मला ठाऊक होतं. खडूनं खुणा करताना तिन्ही पुल्यांना हात लावला होता. तरीही त्या क्षणी मला दिवा म्हणजे वीज एवढंच सुचलं. दोन वळणं पुढे बोनेटच्या फटीतून वाफ निघाली. आई मागे बसली होती. ती काही बोलली नाही, पदरानं काच पुसत राहिली. रेडिएटर निवेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो.

तुटलेला पट्टा मामांना दाखवला. त्यांनी एका कडेचे तुटलेले धागे बोटानं वर काढले. पट्ट्याची ताकद रबरात नसते, आतल्या दोऱ्यांत असते. टॉमीनं काठावरून ओढताना एका बाजूच्या दोऱ्या मी पहिल्याच दिवशी तोडल्या होत्या. राहिलेल्यांनी पंधरा दिवस ओझं ओढलं. अल्टरनेटर पूर्ण आत ढकलला की पट्टा हातानं चढला पाहिजे, हा नियम त्यानंतर मी मोडलेला नाही.

७. एकच आकडा दोन माणसं दोन अर्थांनी बोलतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. आता लांबी पक्की होती, १,०००. यावेळी कारखान्यांना पट्टे पुरवणाऱ्या दुकानात गेलो, म्हटलं तिथे माल चांगला मिळेल. "तेरा मिलिमीटरचा, हजार लांबीचा द्या." दुकानदारानं दिला. घरी आणून चढवला तर लोंबतोय. तो परत न्यायला गेलो तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "सर, तुमचं हजार आतून का बाहेरून?" कारखान्याच्या यंत्रांच्या पट्ट्यावर पुष्कळदा आतली लांबी लिहिलेली असते, मोटारीच्या पट्ट्यावर बाहेरची. या पट्ट्याची जाडी आठ मिलिमीटर. आतली आणि बाहेरची लांबी यांत किती फरक पडेल? दोन पाय गुणिले आठ, म्हणजे पन्नास मिलिमीटर. पट्टा लहान असो वा मोठा, त्रिकोणात फिरो वा गोल, फरक तेवढाच.

मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. दरवर्षी नववीच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना एक कोडं घालत असे. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती घट्ट दोरी बांधली, आता ती सगळीकडे जमिनीपासून एक मीटर वर उचलायची, दोरी किती वाढवावी लागेल? मुलं किलोमीटरमध्ये उत्तरं देत. उत्तर असतं सव्वासहा मीटरच्या जरा वर, आणि चेंडूभोवती दोरी बांधली तरी तेवढंच. मुलांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघायला मला फार आवडायचं. तेच कोडं काउंटरवर माझ्यासमोर ठेवलं होतं, पृथ्वीच्या जागी पट्टा होता, आणि मी ते ओळखलं नाही. घरी येऊन बाबांची वही काढली. गाडीच्या डिकीत असायची ती, तेलाचे डाग पडलेली. पट्टा घेतल्याची नोंद जिथे जिथे होती, तिथे आकड्यापुढे त्यांनी "बाहेरून" असं लिहून खाली रेघ ओढली होती. मी ती पानं कितीदा चाळली होती. तो शब्द वाचला होता, पण तो कुणासाठी लिहिला आहे हे कळलं नव्हतं.

८. तीन पुल्यांच्या खाचा एका रेषेत नसतील तर बाकीचं सगळं बरोबर असून उपयोग नाही. अल्टरनेटर डायनामोपेक्षा आखूड असल्यामुळे त्याची पुली सहा मिलिमीटर मागे राहिली होती. लोखंडी पट्टी इंजिनच्या पुलीला टेकवली की फट डोळ्यांनी दिसत होती. मागच्या बाजूला तेवढ्या जाडीचे वॉशर घालून ती पुढे आणली. पुली आणि बेअरिंग यांच्यामध्ये जो छोटा स्पेसर असतो, तो आधीच्या पुलीबरोबर काढून ठेवला होता. तो परत न घालता नट आवळला असता तर अल्टरनेटरचा पंखा खोक्याला घासला असता. गॅरेजमधल्या पोरानं ते वेळीच पाहिलं. यावेळी मी त्याचं ऐकलं.

९. ताठ म्हणजे मजबूत, हा समज माझ्यात खोलवर होता. तो कुठून आला असेल याचा विचार केला तेव्हा चुलत्यांची पिठाची गिरणी आठवली. ऑइल इंजिनवरून जात्यापर्यंत लांबलचक सपाट पट्टा. तो घसरायला लागला की काका त्यावर राळ टाकत, नाहीतर पट्टा कापून पुन्हा ताणून जोडत. सपाट पट्ट्याला ताणच लागतो, कारण त्याला धरायला भिंती नसतात. खाचेतला पट्टा भिंतींमध्ये रुततो, म्हणून त्याला तेवढ्या ताणाची गरज नसते. जास्त ताणला तर तो ताण जातो अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगवर आणि पाण्याच्या पंपावर. मी पहिल्यांदा इतका ताणला होता की पट्टा सतारीच्या तारेसारखा वाजायचा, आणि ते मला चांगलं लक्षण वाटायचं. आता दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठा दाबतो. दहा-बारा मिलिमीटर खाली गेला की पुरे. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि सैल पडतो, म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा बघतो. अंगठ्याच्या या अंदाजाला मी आधी अडाणीपणा समजत होतो. आज गिरणी नाही, काकाही नाहीत. पण पट्ट्यावर अंगठा टेकवला की राळेचा तो वास येतो.

१०. ताणण्याच्या पट्टीतली खाच ही चूक झाकायला नसते. सुरुवातीला मला वाटायचं, पट्टा थोडा इकडे तिकडे झाला तरी खाच आहे की, ती सांभाळून घेईल. त्या खाचेला तीन कामं आहेत: पट्टा हातानं चढवायला आतल्या बाजूला जागा हवी, योग्य ताणावर बोल्ट साधारण मध्याच्या अलीकडे हवा, आणि पट्टा पुढे वर्ष-दोन वर्षांत वाढेल त्यासाठी बाहेरच्या बाजूला जागा उरायला हवी. पट्ट्याची लांबी या तिन्हींतून ठरते. माझ्या पहिल्या पट्ट्यानं तिसरी जागा खाल्ली होती, दुसऱ्यानं पहिली. बाहेरून १,००० चा पट्टा चढवला तेव्हा बोल्ट मध्याच्या जरा आत येऊन थांबला. मामांनी पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले आणि कातकामाचे तेवढे पैसे घेतले. बाकीच्या वेळेचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, "तुमच्या बाबांनी मला दोन वर्सं गणित शिकवलंय, रात्रशाळेत." बाबा रात्रशाळेत शिकवायचे हे मला माहीत होतं. त्या वर्गात कोण बसायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

११. फेब्रुवारीच्या शेवटी, हंगाम संपत आला असताना, मी आईला घेऊन मुद्दाम रात्री गगनबावड्याच्या रस्त्याला गेलो. कुडित्र्याजवळ ट्रॉल्यांची रांग तशीच होती. इंजिन रिकामं, हेडलाइट लावलेले, बॅटरीच्या दोन टोकांना मी लांब वायरीनं मीटर जोडून तो पुढच्या सीटवर ठेवला होता. आधीच्या पुलीवर अशा वेळी तो १२.२ दाखवायचा. आता १३.६ वर स्थिर होता. मी आईला आकडा दाखवला. तिला आकड्याचं काही नव्हतं. ती समोरच्या ट्रॉलीवरच्या उसाकडे बघत होती, आमच्या दिव्यांच्या उजेडात वाढ्यांचं एकेक पान दिसत होतं. "तुझे बाबा असते तर आता दिवे डिम करायला सांगितले असते," ती म्हणाली, "पुढच्या माणसाच्या डोळ्यांवर येतात." मी डिम केले. मीटरवरचा आकडा किंचित हलला आणि पुन्हा जागेवर आला.